नेट बंद केलं ते केलं, आदेश कुठाय?

पोटमाळा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या जिल्ह्यात तीन दिवस मोबाइल नेट बंद होतं. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. मोर्चा आणि दगडफेक झाली ती जिल्ह्याच्या गावी, आमच्यापासून साठ किलोमीटरवर. आमच्या तालुक्यात त्या दिवशी फार तर आठवडी बाजार भरला होता. रात्री साडेदहाला फोनवरचं ते चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्या तीन दिवसांतला एक दिवस पीकविम्याचा शेवटचा. सकाळी सातला पन्नासेक माणसं सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पायरीवर बसलेली. दुकानाचं नेट सिमवरच्या राउटरचं, म्हणजे तेही गेलेलं. एक बाबा मला म्हणाले, "तू जरा जोरात दाब की बटन." (पुढे मुदत वाढली म्हणा. पण ते त्या दिवशी कुणाला ठाऊक?)

तहसीलला विचारलं, वरून आलंय. ठाण्यात विचारलं, वरून आलंय. सिमवाल्यांच्या ग्राहक सेवेतली मुलगी म्हणाली, सर, आपल्या भागात तांत्रिक अडचण आहे. हे 'वर' नेमकं कुठे असतं हा प्रश्न माझ्या डोक्यात राहून गेला.

वर्षभर नुसता राग धरून बसलो. मग भाच्यानं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या दिल्लीतल्या संस्थेची साइट दाखवली. २०१५ च्या नेट न्यूट्रॅलिटीच्या (म्हणजे कंपन्यांनी सगळ्या साइटींना सारखंच वागवावं, या) भांडणातून २०१६ ला उभी राहिलेली ही संस्था. हे लोक वेगवेगळ्या राज्यांना माहिती अधिकारात एकच गोष्ट विचारत असतात: नेट बंद केल्याच्या आदेशाची प्रत द्या. मला आधी हे फार किरकोळ वाटलं. प्रत घेऊन काय करणार, फ्रेम?

पण त्यामागे निकाल आहे. १० जानेवारी २०२० चा, अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून सगळं बंद होतं, पेपर काढणं अवघड झालं म्हणून 'काश्मीर टाइम्स'च्या या संपादक कोर्टात गेल्या. सरकारनं कोर्टापुढेही सगळे आदेश ठेवले नव्हते. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आदेश प्रसिद्ध करा, म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला आव्हान देता येईल. बेमुदत बंदी चालणार नाही. ती प्रमाणात हवी. आणि समितीनं ठरावीक मुदतीत फेरविचार करायचा.

म्हणजे आमच्या तीन दिवसांचाही एक कागद असणारच, आणि तो खरं तर आधीच जाहीर व्हायला हवा होता. मी अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. परवा पहिलं अपील टाकलं.

इथे कुणाला असा अनुभव आहे का? आणि या संस्था नेमकं काय करतात, त्याचा आपल्यासारख्याला उपयोग किती, यावर माहीतगारांनी लिहावं.

अर्धाचहा

रुमाल टाकून ठेवतो. 'जोरात दाब की बटन'ला दंडवत.

निवडुंग

पोटमाळा, हे दुखणं जुनं आहे.

सप्टेंबर २००३. मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेचा क्यनहुन नावाचा छोटासा याहू ग्रुप बंद करायचा हुकूम निघाला. नेट देणाऱ्या कंपन्यांना तो एकटा वेगळा काढता येईना, म्हणून अख्खं याहू ग्रुप्स भारतात बंद! तेव्हा आपले सगळे कट्टे, कवितांचे, ट्रेकिंगचे, अमेरिकेतल्या मंडळांचे, याहू ग्रुपवर होते.

मग जुलै २००६. ११ तारखेला लोकलमध्ये स्फोट झाले आणि आठवड्याभरात ब्लॉगस्पॉट दिसेनासं झालं. यादी होती पंधरा-वीस वेबपानांची, कंपन्यांनी सगळं डोमेनच झाकलं. मराठी ब्लॉग म्हणजे त्या वेळी जवळजवळ ब्लॉगस्पॉटच. माझा ब्लॉग सुक्या मासळीवर होता. बोंबील वाळवण्यात देशाच्या सुरक्षेला काय धोका, ते मला आजवर कळलेलं नाही.

गंमत म्हणजे लिहायची साइट, ब्लॉगर, चालू होती. म्हणजे लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं. चार दिवस आम्ही आंधळ्यासारखे पोस्टी टाकत होतो. त्याच वर्षी पाकिस्तानात ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं, तिकडच्या कुणी आडवाट म्हणून काढलेली साइट आम्ही मुंबईत बसून वापरली. बंदीच्या बाबतीत तरी शेजारधर्म पाळला गेला.

तेव्हा ब्लॉगरांनी एकत्र येऊन बंद साइटींची यादी केली, माहिती अधिकाराचे अर्ज टाकले. संस्था वगैरे काही नव्हती, एक गूगल ग्रुप होता. आता पगारी वकील आहेत एवढाच फरक.

माजी_फौजदार

मी खात्यात ३१ वर्षं काढली. तेव्हा दुसरी बाजूही ऐका.

१ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती. आठवडी बाजारात कुणीतरी ओरडलं, मुलं पळवणारी टोळी. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. त्या दिवसांत गावोगाव व्हॉट्सॅपवर मुलं पळवण्याचे मेसेज फिरत होते. त्या वर्षी देशभर जो व्हिडिओ फिरला तो मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा. शेवटचा भाग, मूल परत आणून सोडतात तो, कापलेला.

असा व्हिडिओ रात्री दोन वाजता तुमच्या हद्दीत फिरतोय, दोन गट आमनेसामने आहेत, आणि तुमच्याकडे बावीस शिपाई आहेत. नेट बंद करू नका म्हणणाऱ्यांनी एकदा त्या दोन गटांच्या मध्ये उभं राहून दाखवावं. दिल्लीत बसून अर्ज लिहिणं सोपं असतं.

पोटमाळा

साहेब, तुमच्या बावीस शिपायांबद्दल आदर आहे, खोटं नाही सांगत.

पण राईनपाड्याच्या अफवा एका रात्रीतल्या नव्हत्या, काही आठवडे फिरत होत्या. तेवढ्यात खरं काय ते त्याच फोनवरून लोकांपर्यंत पोचवता आलं असतं. आमच्याकडे नेट गेल्यावर अफवा बंद झाली नाही, ती साध्या कॉलवर गेली. पहिल्या दिवशी 'एक मेला', दुसऱ्या दिवशी 'तिघे मेले', तिसऱ्या दिवशी संख्या सांगायलाही लोक घाबरायला लागले. प्रत्यक्षात कुणीच मेलं नव्हतं, सहा जण जखमी होते. पण हे दाखवायला माझ्याकडे बातमीचं एक पान उघडत नव्हतं.

आणि मी 'कधीच बंद करू नका' म्हणतच नाहीये. कागद दाखवा एवढंच म्हणतोय.

माजी_फौजदार

कागद दाखवायला हरकत नसावी. खरं सांगू का, आम्हालाही तो दिसायचा नाही. फोन यायचा, 'आज रात्रीपासून बंद.' पेपर मागून.

अर्धाचहा

पेपर मागून!! धाग्याचं शीर्षक बदला राव.

तारतम्य

सगळं ठीक. पण या संस्थांना पैसे कोण देतं? आणि ही इंग्रजी बोलणारी, ट्विटरवरची दिल्लीकर मंडळी. पोटमाळांच्या पायरीवरच्या पन्नास माणसांशी त्यांचा काय संबंध? नेट न्यूट्रॅलिटी, प्रायव्हसी हे सगळे पोट भरलेल्यांचे विषय. २०१५ ला दूरसंचार नियामकाला दहा लाख ईमेल पाठवून क्रांती झाली असं यांना वाटतं.

वकीलीण

तारतम्य, पैशांचा प्रश्न रास्त आहे. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन ही संस्था न्यास म्हणून नोंदलेली आहे, लोकांच्या देणग्यांवर चालते आणि हिशेब साइटवर टाकते. वाचून तुमचं मत बनवा. मी त्यांची कुणी लागत नाही.

पण 'आपल्याशी काय संबंध' हे मात्र जरा जास्त झालं. हा विषय दिल्लीत सुरूच झाला नाही, पालघरला झाला. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद. एका मुलीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल दोन-चार ओळी लिहिल्या, दुसरीनं लाइक केलं, दोघींना अटक. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला तो वेगळाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ तेव्हा लावलं होतं. 'त्रासदायक', 'अतिशय आक्षेपार्ह' असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच वर्षी असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकारालाही मुंबईतच अटक झाली होती. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कलम रद्द झालं.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं ऐका. कलम मेलं, पण ठाण्यातल्या लेखनिकाला कुणी कळवलंच नाही. पोलीस गुन्हे नोंदवत राहिले, न्यायालयं दखल घेत राहिली. २०१८ मध्ये अभिनव सेखरी आणि अपार गुप्ता या दोघा वकिलांनी हे शोधून मांडलं, पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना पुन्हा सुप्रीम कोर्टात गेली, आणि फाउंडेशननं सिव्हिक डेटा लॅब्ससोबत जिल्हा न्यायालयांच्या नोंदी चाळून 'झोंबी ट्रॅकर' बनवला. मेलेलं कलम चालतंय म्हणून झोंबी. अकरा राज्यांत कलम रद्द झाल्यानंतर नोंदवलेले १,३०७ खटले सापडले. मार्च २०२१ ला ७४५ प्रलंबित होते.

त्या १,३०७ मध्ये पहिला नंबर कुणाचा? महाराष्ट्र, ३८१. झारखंड २९१, उत्तर प्रदेश २४५. आपण पुरोगामी असल्याचा जो अभिमान वगैरे असतो, तो त्या तक्त्यापुढे उभं राहून एकदा तपासावा.

हे आकडे दाखवल्यावर न्यायमूर्ती नरिमन यांनी जुलै २०२१ मध्ये धक्का बसल्याचं बोलून दाखवलं (निकाल त्यांच्याच खंडपीठाचा होता), आणि १२ ऑक्टोबर २०२२ ला कोर्टानं सगळ्या राज्यांना बजावलं की ६६अखाली कुणावरही खटला चालवायचा नाही. साडेसात वर्षं. या कामात ट्विटर कुठे आलं सांगा? कारकुनी आहे ही, शुद्ध कारकुनी.

तारतम्य

३८१ माहीत नव्हतं. 'पोट भरलेल्यांचे विषय' हे मागे घेतो. दिल्लीकर हे मागे घेत नाही.

वकीलीण

तेवढं चालेल. :)

आता साइट बंद करण्याबद्दल, कारण पोटमाळांचा कागद आणि हा कागद सख्खी भावंडं आहेत. साइट बंद होते प्रामुख्यानं त्याच कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम यांच्याखाली. श्रेया सिंघल निकालात ६६अ गेलं पण ६९अ टिकलं. का टिकलं? तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, समिती आहे, साइटवाल्याला नोटीस द्यायची आहे, आणि आदेशाला रिट अर्जात आव्हान देता येतं. छान. पण त्याच नियमांत सोळावा नियम आहे: सगळं गोपनीय. म्हणजे आव्हान द्यायचा हक्क आहे, फक्त कशाला आव्हान द्यायचं तो कागद मिळणार नाही.

तनुल ठाकूर नावाचे सिनेसमीक्षक पत्रकार आहेत. त्यांनी २०११ मध्ये हुंड्याची टर उडवणारी साइट काढली, 'डाउरी कॅल्क्युलेटर'. नवरदेवाचा पगार, शिक्षण, रंग भरा, भाव निघतो. २०१८ मध्ये ती बंद झाली. हुंड्याला उत्तेजन म्हणे! ज्याची थट्टा केली त्याचाच प्रचारक ठरला बिचारा. कारण विचारलं तर उत्तर सोळावा नियम. फाउंडेशनच्या मदतीनं ते दिल्ली हायकोर्टात गेले, आणि मे २०२२ मध्ये कोर्टानं सरकारला सांगितलं, यांना आदेशाची प्रत द्या आणि म्हणणं ऐकून घ्या. साइट सुरू करा असं नव्हे बरं का. प्रत द्या. एवढ्यासाठी कोर्टाची पायरी.

कंदीलवाला

तांत्रिक बाजू थोडी सांगतो, नेटवर्किंगमध्ये आहे.

'बंद करणं' म्हणजे साइट पुसली जात नाही, ती जागच्या जागी असते. तुमची कंपनी वाटेत आडवी येते. एक रीत म्हणजे पत्त्याच्या वहीत खोटं लिहिणं: ब्राउझर विचारतो ही साइट राहते कुठे, कंपनी चुकीचा पत्ता देते किंवा गप्प बसते. ही डीएनएसवाली रीत, कच्ची आहे. दुसरी जरा पक्की. कुलपाचं चिन्ह असलेल्या साइटवर आतलं पत्र लिफाफ्यात बंद असतं, पण लिफाफ्यावर साइटचं नाव उघडं लिहिलेलं असतं. त्याला एसएनआय म्हणतात. कंपनी ते नाव वाचते आणि लिफाफा टाकून देते. तुम्हाला दिसतं, 'कनेक्शन रिसेट'. बंदी आहे, आदेश आहे, असं काहीही दिसत नाही. तुम्ही आपले राउटर बंद-चालू करत बसता.

आता खरी मेख. २०२० मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीशी जोडलेल्या संशोधकांनी नेट देणाऱ्या सहा मोठ्या कंपन्या तपासल्या. निदान एका कंपनीनं बंद केलेल्या साइटी निघाल्या ४,०३३. सहाही कंपन्यांनी बंद केलेल्या त्यातल्या फक्त १,११५. सरकार एक, कायदा एक, आणि याद्या सहा. माझ्याच घरी एक साइट ब्रॉडबँडवर उघडत नाही आणि फोनच्या डेटावर उघडते. हॉलमधून बंदी आहे, गॅलरीतून नाही. आता यातला कोणता आदेश सरकारचा, कोणता कोर्टाचा आणि कोणता कंपनीतल्या कुणाचा हात चुकल्यामुळे, ते कागद उघड नसेपर्यंत कोण सांगणार?

निवडुंग

कंदीलवाला, म्हणजे २००६ ची मासळी अजून ताजी आहे.

सांजवेळ

मी एरवी पाककृती विभागात असते, पण राहवत नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी २०१९ मध्ये श्रीनगरला एनआयटीत होती. ऑगस्टच्या आरंभी सगळ्या मुलांना घाईघाईनं घरी पाठवलं. ती आली, सुटलो. पण तिच्या तिथल्या मैत्रिणीचा आवाज आम्ही कित्येक आठवड्यांनी ऐकला, तोही लँडलाइनवर. पुढच्या वर्षी सगळ्या जगाचे वर्ग ऑनलाइन झाले, आणि ती मुलगी टूजीवर लेक्चर उतरवायची. रात्री लावून ठेवायचं, सकाळी बघायचं उतरलं का. फोरजी तिकडे आलं ५ फेब्रुवारी २०२१ ला. ही तारीख मला लेकीच्या ओरडण्यामुळे पाठ आहे.

वकीलीण

सांजवेळ, त्या टूजीविरुद्ध फाउंडेशन फॉर मीडिया प्रोफेशनल्स ही पत्रकारांची संस्था सुप्रीम कोर्टात गेली होती. ११ मे २०२० चा निकाल. कोर्टानं स्वतः काही सुरू केलं नाही, विशेष समिती नेमून तिच्याकडे सोपवलं. म्हणजे ज्यांनी बंद केलं त्यांच्याच खात्यांच्या सचिवांकडे. जिंकण्याच्या गोष्टी सांगतेय तर ही हरल्यासारखीही सांगायला हवी.

आपल्या हायकोर्टाबद्दल मात्र अभिमानानं लिहिते. ऑगस्ट २०२१ मध्ये निखिल वागळे आणि 'द लीफलेट' यांच्या अर्जांवर नव्या आयटी नियमांतली बातम्यांच्या साइटवर आचारसंहिता लादणारी कलमं मुंबई हायकोर्टानं स्थगित केली. सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी ते सरकारच ठरवणार, ही २०२३ ची दुरुस्तीही तिथेच पडली. कुणाल कामरा प्रकरण. न्यायमूर्ती पटेल एका बाजूला, न्यायमूर्ती गोखले दुसऱ्या बाजूला, मग तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

तारतम्य

आणि आता सरकारचं 'सहयोग' पोर्टल आलंय ना? तिथून पोलीस खाती कंपन्यांना थेट कळवतात म्हणे, हे काढा. ६९अची समितीबिमिती काही नाही.

वकीलीण

हो, त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब)चा आधार घेऊन (सरकारनं कळवूनही मजकूर काढला नाही तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जातं, ते कलम). एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली आणि २४ सप्टेंबर २०२५ ला हरली. यावर वेगळा धागा काढा, इथे तो विषय उरकायचा नाही.

पोटमाळा (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. प्रत आली!

अपिलाच्या सुनावणीला मुंबईला गेलो. रात्रीची एसटी, सकाळी साडेअकराची वेळ, सुनावणी चार मिनिटं. अपिलीय अधिकारी सज्जन गृहस्थ. खालच्या बाईंना म्हणाले, देऊन टाका, यात काय आहे. खरंच, यात काय आहे?

एक पान. वर राजमुद्रा, खाली सही. नेट वगैरे तात्पुरतं बंद करण्याच्या तेव्हाच्या २०१७ च्या नियमांचा उल्लेख. कारण एका ओळीत: 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' क्षेत्र: 'संपूर्ण जिल्हा'. दगडफेक जिल्ह्याच्या गावी, बंदी सगळ्या जिल्ह्याला, का ते कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या तालुक्याचं नावही नाही, आम्ही 'संपूर्ण'मध्ये आलो.

आणि तारीख. आमचं नेट गेलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. फौजदारसाहेब, तुमचाच शब्द आठवला.

दुसरा मुद्दा होता फेरविचार समितीच्या इतिवृत्ताचा. त्या नियमांप्रमाणे समितीनं पाच कामकाजाच्या दिवसांत बसून आदेश बरोबर की चूक ते नोंदवायचं होतं. त्याचं उत्तर आलंय: 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.'

माजी_फौजदार

तारखेचं वाचलं. तोंडी हुकूम आधी निघाला असणार. नियमात तसं बसत नाही हे मला मान्य आहे. इतिवृत्त 'आढळून येत नाही' म्हणजे बैठक झालीच नसेल असं नाही, पण... असो. दुसरं अपील करा. मसुद्यात 'बैठक झाली किंवा कसे' असं स्पष्ट विचारा, नुसतं इतिवृत्त मागू नका. 'नाही' हे उत्तरही लेखी घ्या.

वकीलीण

फौजदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत. फक्त बैठकीचा प्रश्न वेगळ्या, नव्या अर्जात विचारा. मूळ अर्जात नव्हतं ते अपिलात नव्यानं विचारता येत नाही. अपील नव्वद दिवसांत. मसुदा इथेच टाका, आपण सगळे बघू. संसदेच्या स्थायी समितीनंही डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं होतं की नेटबंदीच्या नोंदी केंद्राकडे ठेवल्याच जात नाहीत. तो संदर्भ जोडा.

सांजवेळ

मुंबईला गेलात तेव्हा दुकान कोण बघत होतं?

पोटमाळा

बायको. त्या दिवशी सर्व्हर डाऊन होता, त्यामुळे फार काही अडलं नाही.

अपिलाचा मसुदा उद्या रात्री टाकतो. ते 'बटन'वाले बाबा काल आले होते, त्यांना प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाले, एक झेरॉक्स मला पण दे.